बिनउतरंडीचा समाज आणि लहान समूह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर कुणी साहेब नसताना माणसं एकत्र कशी राहतात, कामं कशी करतात आणि भांडणं कशी मिटवतात, याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तुमचा प्रश्न थेट सापडला नाही तर जवळच्या प्रश्नाचं उत्तर पाहा. उत्तरांमध्ये एकमेकांचे क्रमांक दिले आहेत.

१. उतरंड म्हणजे नेमकं काय? कुठेही गेलं तरी कुणीतरी पुढे असतोच ना?

असतोच, आणि असावाही. ज्याला पोहता येतं तो पाण्यात उतरणार आणि काठावरचे तो सांगेल तसा दोर धरणार. ही उतरंड नव्हे. मडक्यांच्या उतरंडीत खालचं मडकं काढायचं तर आधी वरची सगळी उतरवावी लागतात, आणि वरच्यांचा भार खालच्याला विचारून ठेवलेला नसतो. माणसांत ही रचना ओळखायला तीन प्रश्न पुरतात. पुढे असलेल्याला ‘नाही’ म्हटलं तर काही गमवावं लागतं का? काम संपलं की त्याचा अधिकारही संपतो का? त्याला बसवणाऱ्यांना त्याला उठवता येतं का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि उरलेल्या दोन्हींचं ‘नाही’ आलं तर उतरंड पक्की आहे, मग त्याला दादा म्हणा, संयोजक म्हणा की सेवक म्हणा.

२. पण प्रमुखच नसेल तर ते अराजक झालं ना?

शब्दशः अराजक म्हणजे राजा नसणं. गोंधळ हा अर्थ त्याला नंतर चिकटला. त्यामागची भीती जुनी आहे. राजदंड नसेल तर मोठा मासा लहान माशाला गिळतो, हा मत्स्यन्याय आपल्या प्राचीन राजनीतीत जागोजागी येतो. पण त्याच काळात वज्जींसारखे गणसंघही होते, आणि ते सभेत बसून निर्णय घेत. जोवर वज्जी वरचेवर जमतात, एकत्र बसतात आणि एकत्र उठतात तोवर त्यांची वाढच होईल, असं बुद्धाने म्हटल्याचं पाली ग्रंथांत नोंदलेलं आहे. मात्र त्या सभेत क्षत्रिय कुळांचे प्रमुख बसत. शेतात राबणाऱ्यांना तिथे जागा नव्हती. ‘राजा नाही’ आणि ‘उतरंड नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथेच दिसतं.

माझा अनुभव आणि वाचन दोन्ही एकच सांगतात: बिनसाहेबाच्या समूहात नियम कमी नसतात, जास्त असतात. साहेब असला की ‘त्यांना विचारा’ एवढ्यावर काम भागतं. तो नसला की कोण, कधी, किती आणि नाही केलं तर काय, हे सगळं आधी ठरवून ठेवावं लागतं.

३. माणूस स्वभावतःच वरचढ होऊ पाहतो. मग हे सगळं निसर्गाच्या विरुद्ध नाही का?

अर्धं खरं आहे. वरचढ होण्याची ओढ माणसात आहे, पण आपल्यावर कुणी वरचढ झालेलं सहन न होणं हेही तितकंच माणसाचं आहे. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफर बोम यांनी १९९० च्या दशकात हेच मांडलं. शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या अनेक समूहांत उतरंड नाहीशी झालेली नसते, उलटी झालेली असते. खालचे बहुसंख्य एकजूट करून वर येऊ पाहणाऱ्याला दाबून ठेवतात. माकडांचे दाखले दोन्ही बाजूंनी देता येतात. चिंपांझींत दांडगा नर वरचढ असतो, तर त्यांच्या भावकीतल्या बोनोबो या वानरांत माद्या एकी करून नरांना आवरतात, आणि दोघेही आपल्याला सारखेच जवळचे.

उलट टोकाचा भाबडेपणाही नको. ‘शेती आली आणि विषमता आली, त्याआधी सगळे समान होते’ हे फार सरळ गणित झालं. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचे हायडांसारखे समाज शेती करत नव्हते, मासेमारीवर जगत होते, तरी त्यांच्यात सरदार घराणी होती आणि गुलामही होते. फरक पडतो तो साठवणीने. जेम्स वुडबर्न यांनी १९८२ मध्ये दाखवलं की आजचं आज मिळवून आजच खाणारे समूह सर्वांत समतावादी असतात. सामन मासा सुकवून वर्षभराची बेगमी केली की कोठार येतं, कोठार आलं की किल्ली येते, आणि किल्ली कुणाच्या तरी कमरेला लागतेच.

४. टोळीत प्रमुख नसतो तर समता टिकते कशी? आणि भांडण झालं तर?

टिकत नाही, ती टिकवावी लागते, तीही रोज. कलहारी वाळवंटातल्या जुहोआन्सी लोकांचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. आपल्याकडची म्हण आहे, ज्याच्या हाती ससा तो पारधी. तिथे हे मोडून काढलेलं आहे. मांसावर हक्क शिकार करणाऱ्याचा नसून बाणाच्या मालकाचा असतो, आणि बाण आपापसांत देत-घेत राहतात. त्यामुळे नेम नसलेला म्हातारासुद्धा अधूनमधून मांस वाटणारा होतो. शिवाय मोठी शिकार आणणाऱ्याची थट्टा करायचीच, असा रिवाज. ‘एवढ्याशा हाडांसाठी आम्हाला इतकं चालवलंस?’ १९६० च्या दशकात रिचर्ड ली या अभ्यासकाने नाताळाला भेट म्हणून चांगला धष्टपुष्ट बैल आणला, तर सगळे त्याला हडकुळा म्हणून नावं ठेवत राहिले. ली हैराण झाले. पुढे त्यांना खुलासा मिळाला तो असा: तरुण माणूस भरपूर मांस आणू लागला की स्वतःला मोठा समजू लागतो, त्याच्या मनातली घमेंड थंड करावी लागते.

भांडणाचा पहिला उपाय म्हणजे चालू लागणं. टांझानियातले हाद्झा वीस-तीस जणांच्या तळात राहतात आणि पटेनासं झालं की दुसऱ्या तळावर जातात. दुसरा उपाय म्हणजे मध्यस्थ. दक्षिण सुदानच्या नुएर लोकांत बिबट्याचं कातडं पांघरणारा पुरोहित असतो. खून करणारा त्याच्या घरी आसरा घेतो आणि तो दोन्ही घराण्यांत गुरांची भरपाई ठरवतो. त्याला हुकूम सोडण्याचा अधिकार नाही, फक्त समजावण्याचा आहे.

आणि हे सगळं नेहमी जमतंच असं नाही. जुहोआन्सींची समता टिपणाऱ्या ली यांनीच त्यांच्यातल्या २२ खुनांचीही नोंद केली आहे.

५. ‘टोळी’ म्हणणं बरोबर आहे का?

मराठीत टोळी म्हटलं की दरोडेखोरच आधी आठवतात, म्हणून मी शक्यतो ‘समूह’ लिहितो. जिथे लोकांना स्वतःचं नाव आहे तिथे ते नावच वापरावं. ‘आदिम’ तर अजिबात नको. आजचे हाद्झा हे आजचीच माणसं आहेत, कुणाचा भूतकाळ नव्हेत.

६. १५० माणसांपर्यंतच हे जमतं म्हणतात. हा आकडा खरा आहे का?

आकडा रॉबिन डनबार यांचा. १९९२ मध्ये त्यांनी माकडांच्या मेंदूचा आकार आणि त्यांच्या कळपाचा आकार यांचा संबंध लावला. पुढे त्यावरून माणसासाठी सुमारे १४८ असा अंदाज आला. त्यांच्या स्वतःच्या गणितात तो साधारण १०० ते २३० इतका पसरट होता, पण लोकांनी १५० तेवढा उचलला. २०२१ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी तेच गणित नव्या पद्धतींनी केलं आणि त्यातून असा एकच आकडा निघत नाही, असं म्हटलं.

तरी प्रत्यक्षात या आकड्याच्या आसपास काहीतरी घडतं खरं. हटराइट नावाचा ख्रिस्ती पंथ वसाहत साधारण १२० ते १५० वर गेली की दोन भाग करतो. गोअर या अमेरिकी कंपनीने एकेका कारखान्यात दीड-दोनशेच्या वर माणसं न ठेवण्याचा प्रघात पाडला. मेंदूचं राहू द्या, साधी बेरीज करून पाहा. पाच जणांत १० जोड्या होतात, पंधरात १०५, पन्नासात १,२२५ आणि दीडशेत ११,१७५. कोणाचं कोणाशी बिनसलंय हे सगळ्यांना ठाऊक असण्यावर ज्या समूहाचा कारभार चालतो, तो कुठेतरी या आकड्यांखाली दबणारच.

निर्णयाच्या बैठकीसाठी मात्र १५० फारच झाले. सगळ्यांनी बोलायचं असेल तर दहा-बाराच्या पुढे गेलं की दोघे-तिघे बोलतात आणि बाकीचे ऐकतात.

७. मग शहराचं, देशाचं काय? हे फक्त छोट्यांपुरतंच का?

मोठं करायचा ओळखीचा मार्ग म्हणजे एकच मोठा समूह न करता लहान समूहांचा संघ करणं. उत्तर अमेरिकेतल्या हौडेनोशौनी, म्हणजे युरोपीयांच्या लेखी इरोक्वॉइ, यांचा संघ पाच राष्ट्रांचा होता. १७२२ च्या सुमारास टस्करोरा आले आणि सहा झाले. त्यांच्या महासभेत ५० प्रमुख बसत आणि निर्णय बहुमताने न होता सर्वसहमतीने होत. प्रमुख पुरुष असत, पण त्यांना निवडत कुळांच्या ज्येष्ठ स्त्रिया. तो वाकडं वागला तर ताकीद देऊन पद काढून घेण्याचा हक्कही त्यांचाच.

कळीची गोष्ट वर जाणाऱ्या माणसाच्या अधिकाराची. आमदार निवडून गेला की पाच वर्षं स्वतःच्या किंवा पक्षाच्या मतीने मत देतो. संघाच्या रचनेत जाणारा हा निरोप्या असतो. गावाने जे ठरवलं तेवढंच तो सांगणार, नवा मुद्दा निघाला तर परत येऊन विचारणार, आणि चुकला तर त्याला मधूनच परत बोलावता येणार. मेक्सिकोच्या चियापास राज्यात १९९४ मध्ये उठाव केलेल्या झापातिस्तांनी हीच पद्धत धरली, २००३ पासून गावांच्या वर फिरत्या सदस्यांची मंडळं बसवली, आणि २०२३ मध्ये तीही रचना मोडून पुन्हा गावपातळीला मुख्य केलं. हे संथ आहे यात वाद नाही. निरोप नेण्या-आणण्यात आठवडे जातात, आणि कारभारात घाई असलेल्या कुणालाही हे नकोसं होतं. घाई खरोखरच असेल तेव्हा काय करायचं, हे प्रश्न १३ मध्ये आहे.

८. एकमत म्हणजे सगळ्यांचं मत एकच असायला हवं का?

नाही. इथे तीन शब्दांची सरमिसळ होते. एकमत म्हणजे सगळ्यांना एकच गोष्ट पसंत. ही क्वचित घडते. सर्वसहमती म्हणजे सगळ्यांचं ऐकून, प्रस्ताव वळवत वळवत, कुणी विरोधात उरणार नाही तिथवर नेणं. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सभा साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ मतदान न घेता अशाच चालतात. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा हे गोंड गावही ग्रामसभेत बहुमत न मोजता सर्वसहमतीनेच निर्णय घेतं, आणि २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क त्याने मिळवला तोही याच रीतीने चालत राहून.

तिसरी पायरी संमतीची. यात ‘तुम्हाला हे आवडतं का’ असं न विचारता ‘यामुळे आपल्या कामाला इजा होईल असं सकारण सांगता येतं का’ एवढंच विचारतात. ही पद्धत नेदरलँड्समध्ये घडली. कीस बूके यांनी १९२६ मध्ये सुरू केलेल्या आपल्या शाळेत मुलांसह सगळ्यांचे निर्णय असे घ्यायला सुरुवात केली, आणि त्या शाळेत शिकलेल्या गेरार्ड एन्डेनबुर्ख यांनी पुढे आपल्या विद्युत कंपनीत तिला रीतसर रूप दिलं. रोजच्या कामांना संमती पुरते. घर, जमीन, नवा सदस्य अशा गोष्टींना सर्वसहमती हवी.

९. एकच माणूस दरवेळी अडवून धरतो. मग?

मग सर्वसहमतीच्या नावाखाली तुमच्याकडे एकाचंच राज्य आहे. याचं इतिहासातलं सर्वांत महागडं उदाहरण पोलंडचं. तिथल्या संसदेत एका सभासदाने ‘मला मान्य नाही’ म्हटलं की सगळं अधिवेशन रद्द व्हायचं. १६५२ मध्ये हा नकार पहिल्यांदा वापरला गेला. पुढच्या शतकात शेजारची राज्यं पैसे चारून तो विकत घेऊ लागली. १७९१ च्या संविधानाने तो काढला, पण तोवर उशीर झाला होता आणि १७९५ मध्ये पोलंड नकाशावरून पुसलं गेलं.

म्हणून अडवण्याच्या हक्काला कुंपण घाला. नकार समूहाच्या लिहून ठेवलेल्या उद्देशाला धरून हवा, ‘मला पटत नाही’ एवढं कारण चालणार नाही. अडवणाऱ्याने पुढच्या बैठकीआधी दोन-तीन जणांसह बसून दुसरा प्रस्ताव आणायचा. ‘मी सहमत नाही पण आड येत नाही’ अशी नोंद करायची सोय ठेवा. बहुतेक गाडी तिथेच सुटते. आणि काहीच न जमल्यास दोनतृतीयांश किंवा तीनचतुर्थांश मतांनी निर्णय, हे आधीच लिहून ठेवा. ते वापरावं लागलं तर हरल्यासारखं वाटून घेऊ नका.

एक सावधगिरी. दरवेळी अडवणारा माणूस कधी कधी एकटाच बरोबर असतो. त्याला त्रासदायक ठरवण्याआधी मागच्या तीन निर्णयांचं काय झालं ते पाहा.

१०. आमच्यात कुणीच प्रमुख नाही, तरी सगळं दोघं-तिघंच ठरवतात. असं का होतं?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. अमेरिकेतल्या स्त्रीमुक्ती चळवळीतल्या जो फ्रीमन यांनी १९७० मध्येच याचं निदान केलं होतं. रचना नसलेला समूह असा प्रकारच नसतो. रचना एकतर उघड असते किंवा झाकलेली, आणि झाकलेली असली की ती माहीत असलेल्यांच्याच फायद्याची ठरते. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थांबत नाही, तसं प्रमुख हे पद खोडलं म्हणून प्रमुखपण जात नाही. उलट त्याला जाब विचारायची सोय जाते, कारण जो पदावर नाहीच त्याला उतरवणार कुठून?

मी ज्या एका गटात काही वर्षं होतो तिथे सगळे समान, असं आम्ही अभिमानाने सांगायचो. मग एक मैत्रीण आजारी पडली आणि लक्षात आलं की बँकेच्या खात्याचा पासवर्ड, खोलीची किल्ली आणि सगळ्यांचे नंबर तिच्याकडेच होते. तिने काहीच बळकावलेलं नव्हतं. आम्हीच कंटाळ्यापोटी एकेक गोष्ट तिच्याकडे सरकवली होती. तिच्याशिवाय गट दोन महिने ठप्प झाला, आणि ती परत आल्यावर नाराज झाली ती आमच्यावर. योग्यच होतं.

तेव्हा आपल्या गटात झाकलेली सत्ता कुठे आहे हे शोधायचं असेल तर माणसांकडे पाहू नका, वस्तूंकडे पाहा. किल्ली, पासवर्ड, यादी, पैसे, इतिवृत्ताची वही. मग बैठकीचे विषय कोण ठरवतं ते पाहा. बैठकीनंतर चहाला कोण कोण थांबतं तेही पाहा, कारण खरी बैठक बरेचदा तीच असते. उपाय कंटाळवाणे आहेत: कामांना नावं द्या, मुदत घाला, पाळी फिरवा, प्रत्येक कामावर एक शिकाऊ जोडा, आणि ठरलेलं त्याच दिवशी सगळ्यांना कळवा.

११. काम न करता फक्त खाणाऱ्यांचं काय करायचं?

आधी तो खरोखर फुकट्या आहे का ते बघा. हाद्झांमध्ये फारशी शिकार न करणाऱ्या पुरुषालाही मांसाचा वाटा मिळतो आणि त्यावरून कुणी घर डोक्यावर घेत नाही. मुलं सांभाळणं, आजाऱ्याजवळ बसणं, भांडणाऱ्यांना शांत करणं ही कामं हिशोबात धरलीच जात नाहीत, आणि मग ती करणाराच आळशी दिसतो.

पण सामाईक पाणी, जंगल, कुरण यांवर खरे फुकटे येतात. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच अभ्यासासाठी. वरून सरकारी दंडुका नसताना आणि कुरण खासगी न करताही लोक ते शतकानुशतकं सांभाळतात, हे त्यांनी दाखवलं. स्वित्झर्लंडमधल्या ट्योर्बेल गावाचा १५१७ मधला नियम असा: हिवाळ्यात जितक्या गाईंना तुम्ही स्वतः चारू शकता तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर पाठवायच्या. मोजायला सोपा, लबाडीला अवघड. स्पेनमधल्या वालेन्सियात कालव्याच्या पाण्याचे तंटे दर गुरुवारी दुपारी चर्चच्या दाराशी शेतकऱ्यांनीच निवडलेले शेतकरी तोंडी निकालात काढतात.

ऑस्ट्रॉम यांच्या निष्कर्षांतला एक विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे: शिक्षा चढत्या क्रमाने हवी. पहिल्या चुकीला नुसती आठवण, मग किरकोळ दंड, आणि बाहेर काढणं अगदी शेवटी. नवखे गट याच्या उलट वागतात. वर्षभर कुणी काही बोलत नाही आणि एके दिवशी थेट हाकलतात.

१२. निवडणूक नको असेल तर पदं भरायची कशी?

पाळीने किंवा चिठ्ठ्या टाकून. प्राचीन अथेन्समध्ये ५०० जणांची परिषद दरवर्षी चिठ्ठ्यांनी निवडत आणि एका माणसाला आयुष्यात दोनदाच तिथे बसता येई. सेनापती मात्र मतदानाने निवडत, कारण तिथे कसब लागतं. (स्त्रिया आणि गुलाम या सगळ्याच्या बाहेर होते, हेही सोबत लक्षात ठेवा.) आयर्लंडने २०१६ मध्ये असेच ९९ नागरिक निवडून त्यांना गर्भपाताच्या कायद्यासारख्या अवघड विषयावर बसवलं आणि त्यांच्या शिफारशीनंतर २०१८ मध्ये सार्वमत झालं. ज्या कामाला सवयीने शिकता येतं तिथे चिठ्ठी, ज्याला कौशल्य लागतं तिथे निवड आणि मुदत.

१३. आग लागली, हल्ला झाला तर सभा भरवत बसायचं का?

अर्थातच नाही. तेवढ्यापुरता हुकूम एकाच्या हाती देणं समतेच्या विरुद्ध नाही, अट एवढीच की तो आपोआप परत यावा. अठराव्या शतकातल्या अटलांटिकच्या चाच्यांनी हे नेमकं साधलं होतं, हे वाचून माझं मलाच हसू आलं. त्यांचा कप्तान मतदानाने निवडलेला असे आणि त्याचा शब्द अंतिम असे तो फक्त पाठलागात आणि लढाईत. एरवी लूट आणि अन्न वाटणं, तंटे सोडवणं हे क्वार्टरमास्टर या वेगळ्या निवडलेल्या माणसाकडे. कप्तानाला उतरवताही येई. उत्तर अमेरिकेतल्या शाएन लोकांत रानगव्यांच्या सामूहिक शिकारीच्या मोसमात योद्ध्यांच्या मंडळाला चाबकाने मारण्याचाही अधिकार असे, कारण एकाने घाई केली तर सगळा कळप उधळायचा. मोसम संपला की तो अधिकारही संपे.

१४. कंपनी अशी चालू शकते का?

चालते, पण जाहिरातीतल्यासारखी नाही. स्पेनच्या बास्क प्रांतात १९५६ मध्ये सुरू झालेला मोन्द्रागोन हा कामगारांच्या मालकीच्या सहकारी संस्थांचा समूह आज हजारो लोकांना काम देतो. दर सदस्याला एक मत, आणि वरच्या व खालच्या पगारातलं अंतर साधारण सहापटीच्या आत. मात्र तिथे व्यवस्थापक आहेत, फक्त त्यांची नेमणूक खालून होते. त्यातली फागोर ही घरगुती उपकरणांची संस्था २०१३ मध्ये बुडाली, तेव्हा अनेक कामगारांना समूहातल्या इतर संस्थांनी सामावून घेतलं.

याउलट झॅपोस या बुटांच्या ऑनलाइन दुकानाने साहेबपदं काढून टाकण्याचं वरूनच ठरवलं. २०१५ मध्ये ‘पटत नसेल तर भरपाई घेऊन जा’ म्हटल्यावर सुमारे १४ टक्के लोक निघून गेले. मालकी जिथल्या तिथे ठेवून नुसती पदनामं पुसली की काय होतं, ते प्रश्न १० मध्ये आलंच आहे.

१५. अशा वसाहती दोन-चार वर्षांत मोडतात. खरं ना?

बहुतेक मोडतात. रॉबर्ट ओवेन यांची न्यू हार्मनी १८२५ ला सुरू झाली आणि १८२७ ला संपली. पण दुकानं आणि नवे उद्योगही बहुतेक मोडतातच. त्यावरून कुणी व्यापार अशक्य ठरवत नाही.

अमेरिकेतल्या एकोणिसाव्या शतकातल्या वसाहतींचा अभ्यास रिचर्ड सोसिस यांनी केला. धार्मिक वसाहती निधर्मी वसाहतींपेक्षा पुष्कळ जास्त टिकल्या, आणि ज्या धार्मिक वसाहतींनी सदस्यांकडून जास्त त्याग मागितला त्या आणखी टिकल्या. हटराइट जवळपास पाचशे वर्षं टिकून आहेत, आणि मधले काही खंड सोडले तर मालमत्ताही सामाईक ठेवून. पण त्यांच्याकडे मत फक्त पुरुषांना आहे आणि पाद्र्याचा शब्द जड आहे. टिकणं आणि समान असणं या दोन गोष्टी नेहमी हातात हात घालून जात नाहीत, हे मान्य केलेलं बरं.

किबुत्झ या इस्रायलमधल्या सामूहिक वसाहतींची गोष्ट तिसरीच. पहिला देगानिया १९१० मध्ये गालिली सरोवराकाठी उभा राहिला, आज अडीचशेहून जास्त आहेत. १९८० च्या दशकातल्या कर्जसंकटानंतर बहुतेकांनी सरसकट समान वाटप सोडून कामानुसार पगार सुरू केला, २००७ मध्ये देगानियानेही. मोडले नाहीत, बदलले. याला अपयश म्हणायचं का, यावर त्यांच्यातही एकमत नाही.

१६. या समतेत बायका असतात का?

बरेचदा समता सभेत असते आणि भांडी आत. किबुत्झने मुलं आणि स्वयंपाक सामाईक केला, तरी सामाईक स्वयंपाकघरात, धुलाईत आणि पाळणाघरात बायकाच दिसू लागल्या. मातृवंशी म्हणजे स्त्रीसत्ताक, असंही नाही. मेघालयातल्या खासींमध्ये घर धाकट्या मुलीकडे जातं, पण पारंपरिक दरबारात पुरुष बसत. ज्यांनी हा प्रश्न आपोआप सुटेल असं मानलं त्यांचा सुटला नाही. ज्यांनी नियम केला त्यांचा थोडाफार सुटला: ईशान्य सीरियाच्या कुर्दी प्रशासनाने प्रत्येक मंडळाला एक स्त्री आणि एक पुरुष असे दोन अध्यक्ष नेमण्याचा नियम केला.

१७. लहान समूह म्हणजे गावकीच की. तिथे तर माणसाचा श्वास कोंडतो.

हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी खेड्यांच्या गौरवाचा समाचार घेतला आणि खेडं म्हणजे संकुचितपणाचं डबकं आहे असं सुनावलं. ज्याला गावाबाहेर राहावं लागलं त्याला ‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण धमकीसारखीच ऐकू येणार.

आकार लहान असल्याने समता येत नाही, फक्त नजर जवळ येते. प्रश्न ४ मधली थट्टा गर्विष्ठाला खाली आणते, तीच थट्टा वेगळं वागणाऱ्यालाही चिरडते. यावर खात्रीचा उतारा एकच आहे: बाहेर पडायची मोकळी वाट. हाद्झांची समता टिकते ती ते फार सज्जन आहेत म्हणून नव्हे, तर धनुष्य उचलून चालू लागलं की दुसऱ्या तळावर जागा असते म्हणून. जिथे जमीन, लग्न, पाणी आणि रोजगार सगळं त्याच शंभर माणसांच्या हातात आहे, तिथे वाळीत टाकणं ही फाशीच. एकाच समूहात सगळं आयुष्य न गुंतवता चार वेगवेगळ्या समूहांत थोडं थोडं असावं, असं माझं मत आहे, आणि यावर माझ्याशी वाद घालणारे बरेच आहेत.

१८. आम्ही आठ-दहा जण आहोत. सुरुवात कुठून करू?

जमीन घेऊन नको. आधी वर्षभर एखादं काम एकत्र करा, ज्यात पैसे आणि कंटाळा दोन्ही असतील. उद्देश चार ओळींत लिहा. निर्णय कसा घ्यायचा (प्रश्न ८), अडलं तर काय (९) आणि किल्ल्या कुणाकडे (१०), हे पहिल्या महिन्यातच लिहा, म्हणजे सगळे एकमेकांवर खूश आहेत तोवर. सभा चालवणारा दरवेळी वेगळा हवा. बोलायला फिरती पाळी ठेवा, म्हणजे गप्प बसणाऱ्यालाही एकदा तरी विचारलं जातं. श्रम सामाईक असतील तर मोजा. व्हर्जिनियातली ट्विन ओक्स ही वसाहत १९६७ पासून तासांच्या हिशोबावर चालते, आणि स्वयंपाक, मुलं सांभाळणं हेही त्या तासांत धरलं जातं. सहा महिन्यांनी सगळे नियम पुन्हा उघडा.

१९. कुणी सोडून गेलं तर त्याचा वाटा द्यायचा का?

प्रश्न १७ मधली मोकळी वाट याच उत्तरावर अवलंबून आहे. काहीच दिलं नाही तर माणूस अडकतो. हटराइट वसाहत सोडणारा जवळपास रिकाम्या हाताने निघतो. सगळा वाटा तत्काळ दिला तर दोघे एकदम गेल्यावर वसाहतच विकावी लागते. मोन्द्रागोनमध्ये प्रत्येक सदस्याचं स्वतःच्या नावाचं भांडवली खातं असतं, आणि सोडताना ते मिळतं, मात्र संस्थेची एकत्रित गंगाजळी वाटली जात नाही. लहान गटाला हीच विभागणी सोयीची पडते: आणलेलं परत, एकत्र कमावलेल्यातला ठरलेला भाग हप्त्याने, जमीन आणि इमारत समूहाची. ज्याने वर्षानुवर्षं पैसे आणले नाहीत पण श्रम घातले त्याच्यासाठी दर वर्षामागे काही रक्कम धरा, नाहीतर सोडण्याचं स्वातंत्र्य फक्त पैसेवाल्यांना उरतं. हे सगळं पहिला माणूस जाण्याआधी लिहा. तो जायला निघाल्यावर लिहिलेला नियम कितीही न्याय्य असला तरी त्याच्याविरुद्धच लिहिल्यासारखा वाचला जातो.